बरणीवरचं नाव

निधनवार्तेची शेवटची ओळ नातेवाइकांखेरीज फारसं कुणी वाचत नाही. ‘त्यांच्या पश्चात’ अशी सुरू होणारी ती ओळ. १९७६ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या बाल्टिमोरला राहणाऱ्या जेफ्री स्मिथ या विज्ञानकथावेड्या तरुणाने ‘शिकागो ट्रिब्यून’मधली अशीच एक ओळ वाचली. वारलेल्या बाई ९४ वर्षांच्या होत्या. मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली त्यांचं नाव. कादंबरीकार, प्रवासवर्णनकार, आफ्रिकेची जंगलं पायाखाली घातलेल्या. पश्चात एकच अपत्य, एक मुलगी. तिचं नाव ॲलिस शेल्डन.

स्मिथला हवा होता मुलगा. या बाईंचा मुलगा म्हणजेच जेम्स टिपट्री ज्युनिअर, असा त्याचा हिशेब होता. टिपट्री हा त्या काळातला बहुधा सर्वांत जास्त चर्चेतला विज्ञानकथाकार. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज फोनवरही कुणी ऐकला नव्हता. व्हर्जिनियातल्या मॅक्लीन गावच्या एका पोस्ट बॉक्समधून त्याची पत्रं येत. ती लांबलचक, मिश्कील आणि जिव्हाळ्याची असत. नुकत्याच आलेल्या एका पत्रात त्याने आई गेल्याचं कळवलं होतं. आई शिकागोची, आफ्रिकेत फिरलेली, एवढा तपशील त्यात होता. स्मिथने दोन आणि दोन चार केले, पण उत्तर आलं ते त्याने कधी धरलंच नव्हतं. त्याने टिपट्रीला लिहून टाकलं की आपण काय वाचलं आहे, आणि आता लोक विचारू लागतील. उलट टपाली कबुली आली. होय, मीच ती. ६१ वर्षांची, लग्न झालेली बाई.

ही हकीकत फसवणुकीची म्हणून सांगायची रीत आहे. एका बाईने पुरुषाच्या नावाने दहा वर्षं अख्ख्या साहित्यव्यवहाराला कसं गंडवलं, अशी. पण टिपट्रीची पत्रं आणि ॲलिसचं आयुष्य शेजारी ठेवून पाहिलं तर वेगळंच दिसतं. टिपट्रीने खोटं जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं. बालपण आफ्रिकेत गेलं, युद्धात सैन्यात काम केलं, पुढे सरकारी खात्यात, मग प्रयोगशाळेत. सगळं खरं होतं. खोटं होतं ते फक्त बरणीवरचं नाव.

ती बरणी पुढे येईल. आधी आफ्रिका.

ॲलिसचा जन्म २४ ऑगस्ट १९१५ चा, शिकागोचा. वडील हर्बर्ट ब्रॅडली वकील, पैसेवाले आणि शिकारीचे शौकीन. १९२१ साली कार्ल एकली या संग्रहालयतज्ज्ञाने बेल्जियन काँगोतल्या गोरिलांच्या शोधात मोहीम काढली, तेव्हा ब्रॅडली दांपत्य बरोबर निघालं आणि सहा वर्षांच्या ॲलिसलाही घेऊन गेलं. शेकडो मैल पायपीट, डोक्यावर सामान वाहणाऱ्या हमालांची रांग आणि मधोमध ही पांढऱ्या कपड्यांतली सोनेरी केसांची पोर. त्या मोहिमेत मारलेले गोरिला न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात आजही काचेमागे उभे आहेत. १९२४-२५ मध्ये पुन्हा आफ्रिका झाली आणि तिथून पूर्वेकडे जगाला वळसा. त्या वळशात हिंदुस्थान होता. कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणाला टेकलेली माणसं ओलांडून जावं लागलं, ही आठवण ॲलिसने म्हातारपणीही सांगितली आहे. हॉटेलात परतल्यावर जेवणाचं टेबल मांडलेलंच असणार. दहा वर्षांच्या पोरीने या दोन्ही गोष्टींची सांगड कशी घालावी?

आईने हे सगळं लिहून काढलं. मोठ्यांसाठी लिहिलंच, शिवाय मुलांसाठी दोन पुस्तकं लिहिली: १९२७ चं ‘ॲलिस इन जंगललँड’ आणि १९२९ चं ‘ॲलिस इन एलिफंटलँड’. नायिका अर्थातच घरचीच, आणि पुस्तकातली चित्रंही मुलीनेच काढलेली. हे कौतुकाचं होतं, यात शंका नाही. पण स्वतः एक ओळ लिहिण्याआधी ही मुलगी दुसऱ्याच्या पुस्तकातलं पात्र झाली होती. ॲलिस हे नाव छापून झालं होतं, आणि ब्रॅडली हे आडनाव आईने आपल्या पुस्तकांनी भरून टाकलं होतं. पुढे लिहायचं तर कोणत्या नावाने, हा प्रश्न तिच्यापुढे पन्नाशीत आला. त्याचं मूळ इथे आहे.

मधली तीस वर्षं म्हणजे एका बाईने किती आयुष्यं जगून पाहावीत याचा नमुनाच. १९३४ साली, श्रीमंत घरच्या मुलींना समाजात ‘आणण्या’च्या मेजवानीत विल्यम डेव्ही नावाचा देखणा तरुण भेटला. काही दिवसांतच तिने त्याच्याबरोबर पळून जाऊन लग्न केलं. ते वादळी ठरलं आणि १९४१ मध्ये मोडलं. याच काळात ती चित्रं काढत होती. मग ‘शिकागो सन’मध्ये कलासमीक्षा लिहू लागली. १९४२ साली ती सैन्याच्या नव्या महिला दलात दाखल झाली आणि विमानातून टिपलेल्या छायाचित्रांचं विश्लेषण शिकली. काळ्या-करड्या ठिपक्यांतून कारखाना कोणता, गोदाम कोणतं, कालच्यापेक्षा आज काय बदललं, हे भिंगातून ओळखायचं. हे काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या होत्या. युद्ध संपता संपता ती युरोपात पोचली. पराभूत जर्मनीतली लष्करी आणि वैज्ञानिक माहिती गोळा करणाऱ्या तुकडीत. तुकडीचा प्रमुख होता कर्नल हंटिंग्टन शेल्डन, मित्रमंडळींचा ‘टिंग’. १९४५ मध्येच दोघांनी लग्न केलं.

१९४६ च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये तिची ‘द लकी वन्स’ ही कथा आली. युद्धानंतर बेघर झालेल्या माणसांची कथा, ॲलिस ब्रॅडली या नावाने छापलेली. एवढ्या मोठ्या नियतकालिकात पाऊल पडल्यावर एखादी लेखणी घट्ट धरून बसली असती. हिने नवऱ्याबरोबर न्यू जर्सीत कोंबडीची अंडी उबवण्याचं केंद्र काढलं आणि १९५२ पर्यंत ते चालवलं. त्यानंतर दोघंही नव्यानेच उभ्या राहिलेल्या सीआयएमध्ये गेले. टिंग तिथे वरच्या पदाला चढला. ॲलिस १९५५ मध्ये बाहेर पडली आणि काही काळ घरातूनही नाहीशी झाली. माग न ठेवता कसं गायब व्हायचं, हे खात्यानेच शिकवलं होतं. नंतर ती परतली, नवऱ्याकडे आणि शिक्षणाकडेही. १९५९ मध्ये पदवी घेतली आणि १९६७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची प्रायोगिक मानसशास्त्रातली डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता प्राणी अनोळखी गोष्टीला कसा सामोरा जातो. त्यासाठी तिने उंदरांवर प्रयोग केले.

प्रबंधाच्या त्याच धामधुमीत, जीव रमवायला म्हणून, तिने चार विज्ञानकथा टंकल्या. पाठवायच्या तर नाव हवं. विद्यापीठात नुकतंच कुठे बस्तान बसत होतं, त्यात अंतराळातल्या गमतीजमती स्वतःच्या नावाने छापून येणं बरं दिसलं नसतं. एक दिवस सुपरमार्केटमध्ये नवऱ्याबरोबर फिरताना तिला मार्मालेडची बरणी दिसली. इंग्लंडमधल्या टिपट्री गावच्या विल्किन अँड सन्स कंपनीची. ‘जेम्स टिपट्री,’ ती म्हणाली. ‘ज्युनिअर,’ टिंगने पुस्ती जोडली. दोघं हसले. साभार परत आलेल्या कथेवर संपादकाला नाव आठवू नये, म्हणजे पुढच्या वेळी दुसरं घेता येईल, एवढाच विचार होता. पण कथा परत आल्या नाहीत. जॉन कॅम्पबेल या त्या काळच्या दबदब्याच्या संपादकाने ‘ॲनालॉग’च्या मार्च १९६८ च्या अंकात पहिली छापली, आणि दुसरी, तिसरीही विकली गेली. विनोदातलं नाव गळ्यात पडलं.

इथे थोडं व्याकरणाकडे वळायला हवं. हे सोंग मराठीत पहिल्याच पत्रात गळून पडलं असतं. ‘मी सैन्यात होतो’ लिहायचं की ‘मी सैन्यात होते’, याचा निकाल पहिल्या क्रियापदालाच लावावा लागला असता. ‘होतो’ म्हणावं तर खोटं, ‘होते’ म्हणावं तर खेळ संपला. इंग्रजी क्रियापद ‘मी’ला असं काही विचारत नाही. ॲलिस बिनदिक्कत खरं लिहीत गेली: लहानपणी काँगोत, युद्धात जर्मनीत, मग वॉशिंग्टनमध्ये एका खात्यात. ‘तो’ हा शब्द वाचणाऱ्याने आपल्या पदरचा घातला. हेरगिरीच्या धंद्यात म्हणतात की चांगलं सोंग नव्वद टक्के खऱ्यावर उभं राहतं, कारण खरं लक्षात ठेवावं लागत नाही. ॲलिस तो धंदा शिकून आलेली होती.

आपल्याकडे १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण यावरून उठलेला गदारोळ मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण मालतीबाई बेडेकरांनी नाव लपवलं होतं, बाईपण नाही. उलट ते बाईपणच त्या पुस्तकाचं बळ होतं. ॲलिसने नेमकं उलटं केलं. आयुष्य सगळं उघड सांगितलं आणि बाईपण तेवढं झाकलं.

त्या झाकणाआडून कथा मात्र भन्नाट येऊ लागल्या. १९६९ च्या ‘द लास्ट फ्लाइट ऑफ डॉक्टर ऐन’मध्ये एक शास्त्रज्ञ विमानतळामागून विमानतळ करत जगभर फिरतो. बरोबर कुणी आजारी प्रेयसी असावी असं वाटत राहतं. हळूहळू कळतं की ती प्रेयसी म्हणजे पृथ्वी आहे, आणि तिला वाचवण्यासाठी हा गृहस्थ शहराशहरांत माणसांना संपवणारा विषाणू सोडत चालला आहे. सगळं एखाद्या चौकशी अहवालासारखं, थंड सुरात. १९७३ च्या ‘द गर्ल हू वॉज प्लग्ड इन’मध्ये जाहिरातींवर बंदी असलेलं भविष्य आहे. माल खपवायचा तर लोकांपुढे देखणे चेहरे मिरवावे लागतात. पी. बर्क नावाची कुरूप, जगाला नकोशी झालेली मुलगी तळघरात तारांनी जखडून बसते आणि दूरवरच्या एका अप्रतिम सुंदर, पण मेंदू नसलेल्या देहाला चालवते. लोक त्या देहावर लुब्ध होतात. एक श्रीमंत तरुण प्रेमात पडतो, तिला ‘सोडवायला’ येतो, आणि तारांमधली खरी बाई समोर आल्यावर हादरून तिलाच मारतो. या कथेला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तळघरात बसून देखणं बाहुलं नाचवणारी बाई स्वतः लेखकच होती, हे पुरस्कार देणाऱ्यांना कळायला अजून दोन-अडीच वर्षं होती.

१९७३ च्याच डिसेंबरात ‘द विमेन मेन डोन्ट सी’ आली. निवेदक डॉन फेंटन हा मध्यमवयीन, जगाची माहिती असलेला अमेरिकन सरकारी माणूस. मेक्सिकोच्या युकातान भागात छोटं विमान कोसळतं. बरोबर रूथ पार्सन्स नावाची साधीशी नोकरदार बाई, तिची तरुण मुलगी आणि स्थानिक वैमानिक. डॉन सुरुवातीपासून रूथकडे बघतोय, पण त्याला दिसते ती आपल्या संरक्षणाखालची किंवा आपल्या वासनेच्या टप्प्यातली बाई. परग्रहावरचे जीव समोर येतात तेव्हा तो पिस्तूल काढतो. रूथ त्यांना विचारते, आम्हाला बरोबर न्याल का? मायलेकी निघून जातात. पृथ्वीवर राहण्यापेक्षा सर्वस्वी अनोळखी जीवांबरोबर जाणं एखाद्या बाईला बरं वाटावं, हे डॉनला शेवटपर्यंत उमगत नाही. कथा सगळी त्याच्याच तोंडून येते, आणि नेमकी तिथेच ती चपराक आहे. गोष्ट सांगणाऱ्यालाच गोष्ट कळलेली नाही.

पुरुषाला हे इतकं कसं कळलं, म्हणून वाहवा झाली. कथा नेब्युला पुरस्काराच्या यादीत आली, तेव्हा टिपट्रीने ती मागे घेतली. ही वाहवा पुरुष म्हणून मिळते आहे, आणि त्या जोरावर बक्षीस घेणं म्हणजे खरोखरच्या फसवणुकीकडे वळणं, हे ॲलिसला बोचत होतं. कारण तिनेच पुढे सांगितलं.

१९७५ मध्ये टिपट्रीचा दुसरा कथासंग्रह ‘वॉर्म वर्ल्ड्स अँड अदरवाइज’ निघाला. प्रस्तावना रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत विज्ञानकथाकाराची. टिपट्री बाई असावी अशी कुजबुज आपल्या कानी आली आहे, असं सांगून त्याने ती हास्यास्पद ठरवली. या लेखनात काहीतरी नखशिखांत पुरुषी आहे, असं त्याचं मत. तुलनेला हेमिंग्वेचं नाव. हार्लन एलिसनने तर त्याआधीच लिहून टाकलं होतं की या घडीला बायकांमध्ये केट विल्हेल्म आघाडीवर आहे आणि पुरुषांमध्ये टिपट्री.

सिल्व्हरबर्गला हसणं सोपं आहे. पण तो मूर्ख नव्हता. त्याला कथांत दिसलं ते खरंच तिथे होतं: बंदुका, विमानं, खात्यांचे अहवाल, मोहिमांचे तळ, प्रयोगशाळेतले पिंजरे, आणि हे सगळं हाताळलेल्या माणसाची आटोपशीर भाषा. त्याचं निरीक्षण चुकलं नव्हतं. असं आयुष्य बाईचं असू शकतं, ही शक्यताच त्याच्या डोक्यात नव्हती. त्याच वर्षी जेफ्री स्मिथने ‘खात्रू’ या आपल्या छोटेखानी मासिकात विज्ञानकथेतल्या स्त्रियांवर पत्रचर्चा छापली. जोआना रस, अर्सुला ले ग्विन, सुझी मॅकी चार्नास अशा तालेवार लेखिका त्यात होत्या. टिपट्री होता सहृदय पुरुषांच्या बाकावर. मातृत्वाविषयी त्याने काही मांडलं, तेव्हा बायकांनी त्याला चांगलंच झापलं. पुरुषाने बाईपणाबद्दल आम्हाला शिकवू नये! ॲलिस मॅक्लीनच्या घरात ती पत्रं वाचत होती आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. नावामुळे एका बाजूला जे बळ मिळालं, त्याची किंमत या बाजूला वळती होत होती.

याआधीच तिने दुसरं नावही घेतलं होतं. रॅकूना शेल्डन. या वेळी बाईचं. रागाच्या, थेट बोलायच्या कथा तिच्या नावावर. टिपट्रीने संपादकांकडे रॅकूनाची शिफारसही केली. माणूस तोच, टंकणारी बोटं तीच, तरी रॅकूनाच्या कथा टिपट्रीच्या कथांसारख्या हातोहात खपेनात. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

‘द स्क्रूफ्लाय सोल्यूशन’ ही रॅकूनाच्या नावावरची सर्वांत गाजलेली कथा. जून १९७७ च्या ‘ॲनालॉग’मध्ये आली आणि तिला नेब्युला मिळाला. भयकथेच्या इतिहासात तिची जागा पक्की आहे. तिचा पाया खऱ्या विज्ञानाचा आहे. गुरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीने अमेरिकेत थैमान घातलं होतं. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी तिच्यावर अजब तोडगा काढला. किरणोत्साराने वांझ केलेले नर लाखोंनी सोडायचे. मादी त्यांच्याशी जुगते आणि अंडी फुकट जातात. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला आणि १९५९ पर्यंत फ्लोरिडातून माशी हद्दपार झाली. औषध नाही, गोळी नाही. जातीच्या प्रजननातल्या एका नाजूक दुव्यावर बोट ठेवलं की जात आपोआप संपते.

रॅकूनाने हाच विचार माणसाला लावला. ॲलन हा कीटकतज्ज्ञ कोलंबियात कामावर आहे. अमेरिकेतून बायको ॲनची पत्रं येतात. आधी घरगुती, मग कातरणं जोडलेली. जगात ठिकठिकाणी पुरुष बायकांना मारू लागले आहेत. त्यावर समित्या बसतात, पंडित स्पष्टीकरणं देतात, आणि बायका नसणं हीच देवाची इच्छा, असं सांगणारा पंथ निघतो. कथेत किंचाळ्या फार नाहीत. भीती आहे ती सुरातल्या समजूतदारपणाची. प्रत्येकाला हे विचित्र वाटतं, पण आश्चर्य कुणालाच वाटत नाही. पुरुषाच्या मेंदूत वासना आणि हिंसा यांच्यामधलं दार कुणीतरी बाहेरून उघडून दिलं आहे. ॲलनला ते शास्त्र कळतं. घरी निघालेल्या विमानात स्वतःच्या बायकोमुलीविषयी आपल्या मनात काय उसळतंय, हेही कळतं. कळून उपयोग होत नाही. शेवटी पळत पळत उत्तरेच्या जंगलात पोचलेल्या ॲनला दिसतो एक चकाकणारा प्राणी, जागेची पाहणी करत असलेला. जमीन रिकामी करून हवी होती, एवढंच. माणसाने माशीचं केलं ते कुणी माणसाचं केलं.

तिच्या भयकथेचं मर्म इथे आहे. भूत-पिशाच्च नाही, अंधारी हवेली नाही. एखादी लहानशी जीवशास्त्रीय कळ आणि ती दाबल्यावर कुणालाही अनपेक्षित न वाटणारा परिणाम. उंदरांच्या पिंजऱ्यापुढे वर्षं काढलेल्या आणि त्याआधी जर्मनीचे अवशेष पाहिलेल्या बाईला ‘माणूस मुळात चांगला’ या वाक्यावर विसंबता येत नव्हतं. तिच्या ‘ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?’ (१९७६) या लघुकादंबरीत तीन अंतराळवीर चुकून भविष्यात जाऊन पडतात. साथीच्या रोगात पुरुष संपलेले आहेत. बायकांचं जग निवांत चाललं आहे आणि त्यांना या तिघांची गरज नाही. तिला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले. ही कथा स्त्रीवादी स्वप्न आहे की दुःस्वप्न, यावर आजही वाद होतो, कारण त्या शांत बायकाही शेवटी या पाहुण्यांचा काटा काढण्याचाच निर्णय घेतात. ॲलिसने कुणालाच सूट दिली नाही.

निधनवार्तेनंतर गुपित फार दिवस टिकणार नव्हतं. ते इतरांकडून कळण्याआधी ॲलिसने जवळच्या मित्रमैत्रिणींना स्वतः पत्रं लिहिली. त्यांत ले ग्विन होती. आपली मैत्री आता राहील का, ही धास्ती तिला होती. ले ग्विनला आनंदच झाला. १९७७ च्या जानेवारीत बातमी सर्वांना कळली. सिल्व्हरबर्गने दिलदारपणे हार मानली. संग्रहाच्या पुढच्या आवृत्तीत प्रस्तावना तशीच ठेवून, आपण कसे चुकलो आणि ‘पुरुषी’ लेखन म्हणजे काय या आपल्या कल्पनेलाच कसा धक्का बसला, हे त्याने लिहिलं.

सगळे मोकळे झाले. एक ॲलिस सोडून. टिपट्रीला बरोबरीने वागवणारे काही पुरुष लेखक आता तिला वडीलधाऱ्या मावशीसारखं वागवू लागले, हे तिच्या लक्षात आलं. त्याहून अवघड म्हणजे आतला आवाज अडखळू लागला. टिपट्री नुसता बुरखा नव्हता. तो बेफिकीर होता, कुणाच्या पुस्तकातला तो सोनेरी केसांचा बाहुला नव्हता. आईच्या मृत्यूनेच तोही नाहीसा व्हावा, हा योग कथेत घातला असता तर संपादकाने ओढूनताणून आणलेला म्हणून काढायला लावला असता. तिने नंतरही लिहिलं. १९७८ आणि १९८५ मध्ये दोन कादंबऱ्या आल्या. युकातानच्या किनाऱ्यावरच्या तीन अद्भुत कथांच्या ‘टेल्स ऑफ द क्विंताना रू’ला वर्ल्ड फँटसी पुरस्कारही मिळाला. पण सत्तरच्या दशकातला तो झपाटा परत आला नाही.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती नव्हती. नैराश्याशी तिचं झुंजणं तरुणपणापासूनचं. टिंग तिच्याहून वयाने मोठा, चौऱ्याऐंशीला आलेला आणि जवळजवळ आंधळा झालेला. बरोबरच जायचं, असं दोघांत बोलणं झालेलं होतं, असं ती सांगत असे. १९ मे १९८७ रोजी मॅक्लीनच्या घरी तिने झोपलेल्या नवऱ्याला गोळी घातली आणि मग स्वतःला. ती ७१ वर्षांची होती. पोलिसांना दोघं शेजारी शेजारी सापडले, हातात हात.

१९९१ मध्ये पॅट मर्फी आणि कॅरन जॉय फाउलर या लेखिकांनी टिपट्रीच्या नावाने पुरस्कार सुरू केला. स्त्री-पुरुष भेदाच्या कल्पना विस्तारणाऱ्या विज्ञानकथेसाठी. निधी उभा करायला केक-बिस्किटं भाजून विकली. बायकांनी स्वयंपाकघरातच राहावं म्हणणाऱ्यांना ते खोडकर उत्तर होतं. २०१९ मध्ये पुरस्काराचं नाव बदललं. त्या शेवटच्या रात्री टिंगची संमती होती का, आजारी जोडीदाराला मारणं याला प्रेम म्हणावं का, हे प्रश्न अपंगांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्यांनी विचारले, आणि ते टाळण्यासारखे नव्हते. पुरस्कार ‘अदरवाइज’ झाला. हा शब्द त्या १९७५ च्या संग्रहाच्या नावातही होता. आणखी एक योग असा की टिपट्रीची पहिली कथा घेणाऱ्या जॉन कॅम्पबेलचं नावही त्याच वर्षी दुसऱ्या एका पुरस्कारावरून, त्याच्या वंशवादी मतांमुळे, उतरवलं गेलं. संपादक आणि लेखिका, दोघांचीही लेबलं एकाच वर्षी निघाली.

बरणीतलं मात्र तसंच आहे. डॉन फेंटनला रूथ अजूनही दिसत नाही आणि ॲन जंगलात अजून तो चकाकता प्राणी बघते आहे.

हा लेख लिहिताना वाक्यावाक्याला निवड करावी लागली. ‘टिपट्रीने कळवलं’ इथपर्यंत ठीक, पण पुढच्या वाक्यात ‘तो म्हणाला’ की ‘ती म्हणाली’? मराठी याबाबत हयगय करत नाही. गेलो की गेले, होतो की होते, ती विचारतेच. फक्त काही जागी ती विचारायचं सोडून देते, आणि त्यातली एक जागा नेमकी लेखकाच्या कामाची आहे. ‘मी गोष्ट लिहिली.’ बाई असो की पुरुष, वाक्य हेच. इथे क्रियापद लिहिणाऱ्याकडे बघत नाही. ते गोष्टीप्रमाणे चालतं.